फिलिपिनो फॅशन डिझायनर आणि त्यांचं जगभर होणारं कौतुक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी दुबईत कारामा भागात राहते आणि कापडाविषयी लिहिते. इथे फिलिपिनो माणसं रोजच्या शेजाराची. त्यांच्या डिझायनरांविषयी एकदा लिहिलं, तेव्हापासून पुण्याहून, मुंबईहून, नाशिकहून आणि इथल्या मराठी मंडळींकडून तेच तेच प्रश्न येत राहिले. ते इथे एकत्र केले आहेत. साधे प्रश्न आधी, अडचणीचे नंतर. एखाद्या उत्तरात काही राहिलंय असं वाटलं, तर दिलेल्या क्रमांकाचा प्रश्न पाहा.

1. फिलिपिन्स म्हटलं की नर्स, खलाशी आणि मिस युनिव्हर्स एवढंच डोळ्यांसमोर येतं. फॅशनमध्ये हे लोक आले कुठून?

घरातूनच आले. सुई-दोरा ही तिथली जुनी विद्या आहे. स्पेनने 1565 ते 1898 अशी 333 वर्षं तिथे राज्य केलं. त्या काळात कॉन्व्हेंटमधल्या नन्सनी मुलींना युरोपी भरतकाम शिकवलं आणि मुलींनी ते अननसाच्या पानांपासून विणलेल्या तलम कापडावर उतरवलं. पुढे अमेरिकनांचं राज्य आलं, तेव्हा फिलिपिनो बायकांनी हाताने भरलेली अंतर्वस्त्रं आणि लहान मुलांचे कपडे अमेरिकेच्या दुकानांत जाऊ लागले. त्या कपड्यांवर दुकानाचं नाव असायचं, भरणाऱ्या बाईचं कधीच नसायचं. आज एखाद्या गाऊनवर फिलिपिनो आडनाव झळकलं की मनिलात लोक इतके का हरखतात, याचं उत्तर मला त्या निनावी बायकांत सापडतं.

2. परदेशात नाव झालेले नेमके कोण कोण? चार-पाच नावं सांगा.

शहरांप्रमाणे सांगते, म्हणजे लक्षात राहतील. दुबईत मायकल सिंको, 'अमातो' हे लेबल चालवणारे फर्न वन आणि एझ्रा सांतोस. न्यूयॉर्कमध्ये जोसी नाटोरी. लॉस एंजेलिसमध्ये मोनिक लुइलिये, ऑलिव्हर टोलेंटिनो आणि तरुण पिढीतला रुइगी व्हिलासेन्योर. लंडनच्या सेंट्रल सेंट मार्टिन्समध्ये शिकून नाव काढलेला लेस्ली मोबो. मनिलात राहून जगाला कपडे विकणाऱ्यांत कार्ल जान क्रूझचं नाव मी आवर्जून घेईन, कारण तो मनिलातूनच काम करतो. सौंदर्यस्पर्धांमुळे माहीत झालेले माक तुमांग आणि अल्बर्ट आंद्रादा यांच्याविषयी प्रश्न 8 मध्ये आहे.

3. ऐश्वर्या रायने कान महोत्सवात घातलेला फुलपाखरासारखा गाऊन खरंच फिलिपिनो डिझायनरचा होता का?

हो, मायकल सिंकोचा. आपल्याकडे हा माणूस माहीत झाला तोच त्या गाऊनमुळे. आधी 2017 मध्ये ऐश्वर्याने त्याचा फिकट निळा, परीकथेतल्यासारखा घेरदार गाऊन घातला होता. 2018 चा निळ्या-जांभळ्या-लाल रंगांचा होता, मागे लांबलचक घोळ असलेला. सुरवंटाचं फुलपाखरू होतं, ती त्याची कल्पना. तो पुरा करायला 3000 तास लागल्याचं तेव्हा सांगितलं गेलं होतं.

सिंको मूळचा समार बेटावरच्या कातबालोगानचा. समार हा फिलिपिन्सच्या पूर्व कडेचा, गरीब आणि वादळांच्या तोंडावरचा भाग. मनिलातल्या लोकांनाही तिथे जायचं म्हणजे लांबचा प्रवास वाटतो. तिथला मुलगा शिवणकाम शिकतो, नोकरीसाठी आखातात येतो, आणि एक दिवस त्याच्या हातचा कपडा घालून मुंबईची अभिनेत्री फ्रान्समधल्या पायऱ्या चढते. त्या दिवशी माझ्या इमारतीतल्या फिलिपिनो बायका लिफ्टमध्ये एकमेकींना मोबाईलवर फोटो दाखवत होत्या. त्यांच्यातल्या एकीने मला विचारलं, "तुमची राणी, आमचा शिंपी, बघितलंस का?" 'शिंपी' हा शब्द तिने किती अभिमानाने उच्चारला, ते आजही कानात आहे.

4. पण हे सगळे दुबईतच का? पॅरिस नाही, मिलान नाही, दुबई?

कारण कामाला माणूस दुबईत यायचा. परदेशी नोकरीला गेलेल्यांना फिलिपिन्समध्ये 'बागोंग बायानी' म्हणतात, म्हणजे 'नवे वीर'. नर्स, मोलकरणी, हॉटेलातले वेटर, जहाजावरची माणसं ज्या वाटेने गेली त्याच वाटेने शिवणारे आणि रेखाटणारेही आले. फॅशनचं म्हणून वेगळं विमान नव्हतं.

दुसरं कारण अरबी लग्नं. इथल्या लग्नांत बायकांचा सोहळा स्वतंत्र दालनात होतो. तिथे पुरुष नसतात, त्यामुळे अबाया बाजूला ठेवून नवरी आणि तिच्या मैत्रिणी मनासारखे भरजरी गाऊन घालतात. घेर मोठा, भरतकाम गच्च, खर्चाला हात आखडता नाही. एखाद्या डिझायनरला हात साफ करायला याहून चांगली जागा कुठली? फक्त त्या दालनात बाहेरचा कॅमेरा चालत नाही. म्हणून ही मंडळी कितीतरी वर्षं नुसत्या तोंडी शिफारशीवर ओळखली जात होती. एका नवरीची बहीण दुसऱ्या नवरीला सांगायची. फर्न वनने 2002 मध्ये 'अमातो' सुरू केलं आणि पुढे बियॉन्से, जेनिफर लोपेझ, हायडी क्लुम यांनी त्याचे कपडे घातले. तेव्हा कुठे बंद दालनातलं काम उघड्यावर आलं.

आपल्या वाचकांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगते. दुबईतल्या अशा कार्यशाळांत जरदोजीच्या चौकटीवर, म्हणजे अड्ड्यावर, बसलेले कारागीर बरेचदा भारतातले आणि पाकिस्तानातले असतात. रेखाटन फिलिपिनो, टाके आपल्याकडचे, नेसणारी अरब. गाऊनवर नाव एकाचंच असतं.

5. अननसाचं कापड म्हणजे नक्की काय? खाण्याच्या अननसापासूनच होतं का?

हा मला सर्वांत आवडणारा प्रश्न, त्यामुळे उत्तर लांबणार.

या कापडाला 'पिन्या' म्हणतात. स्पॅनिशमध्ये पिन्या म्हणजे अननस. ते फळापासून होत नाही, पानापासून होतं. आणि आपण रस काढतो तो अननस यासाठी सहसा वापरत नाहीत. 'रेड स्पॅनिश' नावाची लांब पानांची जात लागते. विणकामाचं माहेर म्हणजे पानाय बेटावरचा आक्लान प्रांत आणि त्यातलं कालिबो गाव.

पान आडवं ठेवतात आणि फुटक्या चिनीमातीच्या बशीच्या धारेने वरचा हिरवा गर खरवडतात. चाकू चालत नाही, तो तंतू कापतो. वर येतो तो जाड तंतू, त्याला 'बास्तोस' म्हणतात. मग नारळाच्या करवंटीच्या तुकड्याने हलक्या हाताने पुन्हा खरवडलं की खालचा तलम तंतू सुटतो. तो 'लिनिवान'. तंतू धुतात, आपटतात, वाळवतात, केस विंचरावेत तसे सुटे करतात. एक तंतू पानाएवढाच लांब असतो, मग मागावर चढवायला लांब धागा आणायचा कुठून? एकेका तंतूच्या टोकाला दुसरा तंतू गाठ मारून जोडायचा. हाताने, डोळ्यांत तेल घालून, दिवसच्या दिवस. गाठ इतकी बारीक की विणल्यावर दिसू नये.

मागावर नक्षी विणतात तिला 'सुकसुक' म्हणतात. पुढचं भरतकाम बहुधा लागुना प्रांतातल्या लुम्बान गावी किंवा बातांगासमधल्या तालला होतं. तिथला 'कालादो' पाहण्यासारखा असतो: कापडातले काही धागे काढून टाकायचे आणि उरलेले सुईने बांधून जाळी करायची.

माझ्या एका सहकारिणीने वडिलांचा जुना पिन्याचा सदरा दुबईत आणला आहे. एकदा तिने तो माझ्या हातात दिला. हातात काही आहे असं वाटेना. कांद्याची पात वाळल्यावर जसा पापुद्रा होतो, तसा रंग आणि तसाच किंचित कडकपणा. मी खिशातलं भिंग लावलं. छातीवरच्या जाळीत एक गाठ सापडली, तिचं टोक मोहरीपेक्षाही लहान होतं. मग दुसरी, मग तिसरी. सहकारीण म्हणाली, "एकेका गाठीला एक बाई आहे." त्यानंतर मी बराच वेळ काही बोलले नाही.

आक्लानच्या या हातमाग-विणकामाला डिसेंबर 2023 मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान मिळालं.

6. बारोंग म्हणजे त्यांचा झब्बाच ना? आणि तो पारदर्शक का असतो?

दिसायला झब्ब्याचा भाऊ वाटतो, पण मान वेगळा आहे. 'बारोंग तागालोग' हा पूर्ण औपचारिक पोशाख आहे. लग्नात, न्यायालयात, राष्ट्राध्यक्षांच्या शपथविधीत तो चालतो आणि त्यावर कोट लागत नाही. लांब बाह्या, समोर भरतकाम, पॅन्टच्या बाहेर सोडलेला, आत पांढरा बिनकॉलरचा सदरा.

पारदर्शकतेची एक गोष्ट सगळीकडे ऐकायला मिळते: स्पॅनिश राज्यकर्त्यांनी स्थानिकांना शस्त्र लपवता येऊ नये म्हणून झिरझिरीत कपडे घालायला आणि सदरा बाहेर सोडायला लावलं. गोष्ट रंगतदार आहे, पण असा कायदा असल्याचा पुरावा इतिहासकारांना मिळालेला नाही. उकाड्याचा देश आणि पिन्याचा तलमपणा एवढं कारण पुरेसं आहे. मुंबईच्या मे महिन्यात मलमल का नेसतात, हे आपल्याला कुणी समजवावं लागत नाही.

नोव्हेंबर 2017 मध्ये मनिलात आसियानच्या 50 वर्षांनिमित्त झालेल्या मेजवानीत सगळ्या नेत्यांनी बारोंग घातला होता. त्यात नरेंद्र मोदीही होते. ते बारोंग अल्बर्ट आंद्रादाने केले होते.

7. बायकांच्या पोशाखातल्या त्या उंच, पंखांसारख्या बाह्यांना काय म्हणतात? त्यांचा इमेल्डा मार्कोसशी काही संबंध आहे का?

पोशाखाचं नाव 'तेर्नो' आणि बाह्या 'फुलपाखरी बाह्या'. खांद्याशी उभ्या राहतात आणि वरून चपट्या दिसतात. त्या बसवणं हे शिवणकामातलं अवघड काम आहे. आत ताठ कापडाचं अस्तर लागतं आणि एक चूण चुकली की बाही कानाला लागते.

आधी हा पोशाख सुट्या कपड्यांचा होता: वरचा बारो, खालची साया, खांद्यावरचा पान्युएलो, कमरेचा तापिस. तो एकसंध करून आजचा तेर्नो घडवण्याचं श्रेय रामोन व्हालेराला देतात. इमेल्डा म्हणजे पुढे हुकूमशहा झालेल्या राष्ट्राध्यक्ष फर्डिनांड मार्कोसची बायको. 1954 मध्ये तिचा लग्नाचा पोशाखही व्हालेरानेच केला होता. पुढे इमेल्डा सत्तेच्या वर्षांत जगभर तेर्नो घालून वावरली आणि 1986 मध्ये मार्कोस कुटुंब देश सोडून गेल्यावर त्या बाह्यांकडे पाहिलं की लोकांना हुकूमशाहीच आठवू लागली. कितीतरी घरांत तेर्नो कपाटात गेला तो परत निघालाच नाही. एका बाईमुळे अख्ख्या देशाचा पोशाख बदनाम व्हावा, याचं मला फार वाईट वाटतं.

नव्या पिढीने तो परत बाहेर काढला. 2018 पासून 'तेर्नोकॉन' ही स्पर्धा आणि कार्यशाळा होते. तिथे देशभरातल्या तरुण डिझायनरांना जुने जाणकार तेर्नो शास्त्रशुद्ध शिकवतात. आता मुली जीन्सवरही फुलपाखरी बाह्यांचं पोलकं घालतात.

8. सौंदर्यस्पर्धेत कोण जिंकलं यापेक्षा गाऊन कुणाचा होता याचीच चर्चा फिलिपिनो लोक का करतात?

दोन्हीची करतात, तितक्याच जीव तोडून. 2015 ची मिस युनिव्हर्स आठवा: सूत्रसंचालकाने आधी कोलंबियाचं नाव पुकारलं आणि मग चूक सुधारून फिलिपिन्सच्या पिया वुर्त्झबाखला मुकुट दिला. त्या गोंधळात ती उभी होती तो गडद निळा गाऊन अल्बर्ट आंद्रादाचा.

2018 मध्ये बँकॉकला कॅट्रियोना ग्रे जिंकली तेव्हा तिच्या अंगावर माक तुमांगचा लाल-केशरी गाऊन होता. माक तुमांग पाम्पांगा प्रांतातला. गाऊनची कल्पना मायोन ज्वालामुखीची, वितळलेला लाव्हा उतारावरून ओघळतो तशी खड्यांची नक्षी. मायोन आल्बाय प्रांतात आहे आणि कॅट्रियोनाच्या आईचं माहेर तिथलंच. म्हणजे मुलगी आपल्या आजोळचा डोंगर अंगावर घेऊन उभी होती. स्पर्धांविषयी माझे काही आक्षेप आहेत, पण त्या गाऊनविषयी एकही नाही.

आणि मनिलाचं नाव आपल्यालाही परकं नाही. 1994 मध्ये सुश्मिता सेनने मिस युनिव्हर्सचा मुकुट मनिलातच जिंकला होता.

9. नाटोरी आणि लुइलिये तर अमेरिकेत राहतात. त्यांना फिलिपिनो डिझायनर म्हणायचं का?

मी म्हणते, आणि कारण सांगते.

जोसी नाटोरी मनिलात जन्मली. न्यूयॉर्कच्या मेरिल लिंचमध्ये गुंतवणूक-बँकिंग विभागात उपाध्यक्षपदी पोचलेली ती पहिली स्त्री. ते सगळं सोडून तिने 1977 मध्ये कपड्यांचा धंदा काढला. मायदेशाहून आणलेला भरतकामाचा एक ब्लाऊज तिने ब्लूमिंगडेल्स या मोठ्या दुकानाच्या खरेदी अधिकाऱ्याला दाखवला. सल्ला मिळाला: याची उंची वाढवा, रात्रीचा पोशाख करा. तिथून नाटोरीचं अंतर्वस्त्रांचं आणि घरच्या कपड्यांचं मोठं नाव झालं. आता प्रश्न 1 मधल्या निनावी बायकांची आठवण काढा. तेच भरतकाम, तोच अमेरिकेचा बाजार, फक्त या वेळी लेबलवर फिलिपिनो घराण्याचं नाव.

मोनिक लुइलिये सेबूची. स्वतःच्या लग्नासाठी मनासारखा गाऊन मिळेना, म्हणून ती या क्षेत्रात उतरली आणि 1996 मध्ये नवऱ्याबरोबर लॉस एंजेलिसमध्ये कंपनी काढली. तिच्या गाऊनमध्ये पिन्या किंवा फुलपाखरी बाही शोधाल तर क्वचितच सापडेल. तरीही सेबूतल्या शिवणाऱ्या मुलींना तिचं नाव विचारा, चेहरे खुलतात.

रुइगी व्हिलासेन्योरचं प्रकरण आणखी वेगळं. मनिलात जन्म, लहानपणीच अमेरिकेत, 'रूड' हे रस्त्यावरच्या तरुणाईचं लेबल. 2022 मध्ये स्वित्झर्लंडच्या जुन्या 'बॅली' कंपनीने त्याला सर्जनशील संचालक नेमलं, 2023 मध्ये तो बाहेर पडला. पद थोडा काळ टिकलं, पण युरोपातल्या इतक्या जुन्या घराण्याच्या प्रमुखपदी फिलिपिनो माणूस बसला, हे घडून गेलं.

10. फिलिप लिम फिलिपिनो आहे ना? आणि 'हंगर गेम्स'मधला लग्नाचा गाऊन?

दोन्हींचं उत्तर नाही. फिलिप लिम हा चिनी आईवडिलांचा, थायलंडमध्ये जन्मलेला अमेरिकन डिझायनर. 'फिलिप' या नावाने गल्लत होते. 'हंगर गेम्स'च्या दुसऱ्या चित्रपटातला तो गाऊन टेक्स सावेरिओचा, तो इंडोनेशियाचा. 'क्रेझी रिच एशियन्स'मधला पिवळा पोशाख मात्र फिलिपिनो आहे. फिलिपिनो अभिनेत्री क्रिस अकिनोने घातलेला तो पोशाख मायकल लेयवाचा.

11. 'पिनॉय प्राइड' म्हणजे काय? परदेशात टाळ्या पडल्या की मगच घरी किंमत, असं तर नाही ना?

'पिनॉय' म्हणजे फिलिपिनो माणूस, बोलीतला लाडका शब्द. परदेशात कुणी फिलिपिनो चमकला की देशभर जी लाट उठते ती 'पिनॉय प्राइड'. प्रश्नातली शंका तिथले लोक स्वतःच बोलून दाखवतात. गोऱ्यांनी शिक्का मारल्याशिवाय आपलं ते खरं न मानण्याच्या सवयीला ते 'वसाहतवादी मनोवृत्ती' म्हणतात आणि त्यावर घरोघरी वाद घालतात.

शंकेत तथ्य आहे. रामोन व्हालेरा 1972 मध्ये गेला. त्याला राष्ट्रीय कलावंत हा सर्वोच्च मान मिळाला 2006 मध्ये, 34 वर्षांनी. फॅशनसाठी हा मान मिळालेला तो पहिला. दुसरी साल्व्हासिओन लिम-हिगिन्स, 'स्लिम्स' या नावाने ओळखली जाणारी, जिने 1960 मध्ये मनिलात फॅशनची शाळा काढली. तिला तो 2022 मध्ये मिळाला, तोही मरणोत्तर. या दोघांनी आयुष्यभर मनिलाच्या ग्राहकांसाठी कपडे केले. त्यांना लवकर मान मिळायला हवा होता, असं मला मनापासून वाटतं.

पण परदेशी टाळ्यांचा आनंद खोटा ठरत नाही. ज्या घरातली आई दहा वर्षं दुसऱ्याच्या देशात दुसऱ्याची मुलं सांभाळते, त्या घराला आपलं नाव त्या देशात सन्मानाने घेतलं गेलेलं ऐकायचं असतं. तो आनंद मी माझ्या शेजारात पाहिला आहे.

12. डिझायनरचं नाव होतं. विणकराला काय मिळतं?

नाव क्वचित, पैसा कमी. पिन्याच्या गाठी मारणाऱ्या बायका वयस्कर होत चालल्यात आणि मुली शहरात किंवा आखातात जातात. ही गोष्ट येवल्याच्या पैठणी विणकरांना वेगळी सांगावी लागणार नाही.

काही पावलं पडली आहेत. 1980 च्या दशकात पिन्या जवळजवळ बंद पडलं होतं. ते पुन्हा उभं करण्यात पातिस तेसोरो या डिझायनरचा मोठा वाटा. ती आक्लानला गेली, विणकरांबरोबर बसली, मागणी तयार केली. 2004 मध्ये कायदा झाला की सरकारी कर्मचाऱ्यांच्या गणवेशात देशी तंतूंचं कापड वापरावं. पारंपरिक कारागिरांसाठी राष्ट्रीय सन्मान आहे. दक्षिणेकडच्या मिंदानाओ बेटावरच्या लेक सेबूची (प्रश्न 9 मधलं सेबू वेगळं) विणकर लांग दुलाय हिला तो 1998 मध्ये मिळाला. 2015 मध्ये ती गेली, तोवर तिने कितीतरी मुलींना माग शिकवला होता.

मला अभिमान तिथे खरा वाटतो, जिथे डिझायनर विणकराचं गाव तरी सांगतो. 2025 च्या जूनमध्ये मिलानच्या मंचावर कोल्हापुरीसारख्या चपला आल्या आणि कोल्हापूरचं नाव घेतलं गेलं नाही, तेव्हा आपण सगळे किती चिडलो होतो. प्राडा कंपनीला नंतर भारतीय मूळ मान्य करावं लागलं. फिलिपिनो विणकरांच्या बाबतीत विसरणारा कधी परदेशी असतो, कधी त्यांच्याच राजधानीतला.

13. आदिवासी विणीचं कापड विकत घेऊन मी त्याचा ड्रेस शिवला तर चालेल का?

कुठलं कापड, त्यावर आहे. लेक सेबूच्या त'बोली लोकांचं 'त'नालाक' हे आबाका, म्हणजे केळीच्या जातीतल्या झाडाच्या तंतूचं कापड. रंग तीनच: काळपट, तांबडा आणि तंतूचा मूळ पांढरा. नक्षी कागदावर काढत नाहीत. ती विणकर बाईला स्वप्नात दिसते, आबाकाची देवता फू दालू ती देते अशी श्रद्धा आहे. म्हणून यांना 'स्वप्नं विणणाऱ्या' म्हणतात. विणताना कुणी कापडावरून ओलांडून जायचं नाही. कापड कापणं अशुभ मानतात, विकताना त्याला पितळेची कडी बांधण्याची रीत आहे.

त्यामुळे माझं सरळ सांगणं असं: त'नालाकला कात्री लावायच्या आधी ज्यांच्याकडून घेता त्यांना विचारा. त्यांच्याच संस्था बाजारासाठी पिशव्या, पाकिटं करून विकतात, ती निर्धास्त घ्या. जुना, घराण्यातला तुकडा हाती आला तर तो भिंतीवर राहू द्या. उत्तरेकडचं इलोकोसचं सुती 'इनाबेल' मात्र चादरी-टॉवेलपासून ड्रेसपर्यंत सगळ्याला वापरतात, त्याला अशी अडचण नाही.

14. खरं पिन्या कसं ओळखायचं? दुकानदार 'जुसी' दाखवतो, तेही तेच का?

जुसी वेगळं. जुसी म्हणून आज मिळतं ते बहुधा रेशमी किंवा कृत्रिम ऑर्गन्झा असतं. सरळ, एकसारखं, चकचकीत. 'पिन्या-सेडा' म्हणजे पिन्या आणि रेशीम मिसळून विणलेलं. ते वाईट नाही, टिकाऊ असतं आणि परवडतं, फक्त दुकानदाराने तसं सांगायला हवं.

शुद्ध पिन्या पूर्ण पांढरं नसतं, हस्तिदंती असतं. धागे कमीजास्त जाड दिसतात. भिंगाखाली गाठींची टोकं सापडतात (प्रश्न 5 पाहा). शिवणीतला एखादा सुटा धागा जाळून पाहा: पिन्या कागदासारखं जळून राख होतं, रेशमाला केस जळल्याचा वास येतो, पॉलिएस्टर वितळून मणी होतो. आणि किंमत साध्या तयार सदऱ्याएवढीच सांगितली, तर समजा की ते पिन्या नाही. मनिलात 'कुल्तुरा'च्या दुकानांत सगळे प्रकार शेजारी शेजारी टांगलेले असतात. आधी तिथे हात लावून फरक शिकून घ्या.

15. ऑफिसातल्या फिलिपिनो मित्राच्या लग्नाला जायचंय. आम्ही त्यांचा पोशाख घातला तर त्यांना आवडेल का? आणि तो सांभाळायचा कसा?

आवडेल, मनापासून आवडेल. फक्त आधी विचारून घ्या, कारण त्यांच्या लग्नात 'निनोंग' आणि 'निनांग', म्हणजे मानाचे साक्षीदार, बहुधा ठरलेल्या रंगाचे बारोंग आणि तेर्नो घालतात, आणि त्यांच्याशी रंग जुळून जायला नको. पुरुषांनी आत पांढरा बिनकॉलरचा सदरा घालावा, खाली काळी पॅन्ट. बारोंग खोचू नये, टाय लावू नये, बाह्या दुमडू नयेत. बायकांनी साडी नेसली तर उत्तमच. तेर्नो घातलाच तर खांद्यावर पर्स अडकवू नका, बाही मोडते.

घरी आल्यावर घाम सुकू द्या. शुद्ध पिन्या थंड पाण्यात सौम्य साबणाने हाताने धुवा, पिळू नका, सावलीत पसरून वाळवा, किंचित दमट असताना उलट्या बाजूने इस्त्री फिरवा. ठेवताना घडी घालू नका. सारख्या एकाच जागी घडी पडली की तंतू तिथेच तुटतो. सुती कापडात गुंडाळून ठेवा, पैठणी ठेवतो तसंच. माझ्या सहकारिणीच्या वडिलांचा सदरा अजून चांगला आहे तो याच सांभाळण्यामुळे. पुढच्या वर्षी तिच्या मुलाचं लग्न आहे आणि तो सदरा त्याच्या मापाचा करायला लुम्बानला जाणार आहे.